‘ध’चा ‘मा’ आनंदीबाईंनीच केला, याला पुरावा काय?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. प्रश्न इतिहासाचा आहे, पण घरातून निघालाय, म्हणून आधी घरातलं सांगते.

माझी मुलगी सहावीत आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात नारायणराव पेशव्यांच्या खुनावर एक नाटुकलं बसतंय आणि तिला आनंदीबाईंचं, म्हणजे राघोबादादांच्या बायकोचं, काम मिळालंय. तिला वाक्य एकही नाही. नारायणरावांचे काका राघोबादादा ‘नारायणरावांस धरावे’ असा कागद लिहून ठेवतात आणि निघून जातात. मग ही मागच्या दाराने येते, ‘ध’ खोडून ‘मा’ करते, कागद हवेत धरते आणि मोठ्यांदा हसते. पडदा पडतो.

आठवडाभर ती आरशासमोर हसायचा सराव करत होती. परवा रात्री अंथरुणात पडल्यावर म्हणाली, “आई, ती खोलीत एकटीच होती ना? मग तिला लिहिताना कोणी पाहिलं?”

मला उत्तर देता आलं नाही. मी मराठी घेऊन बी.ए. केलंय, ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार शेकडो वेळा वापरलाय, आणि हा साधा प्रश्न मला चाळीस वर्षांत पडला नाही याचं वाईट वाटलं. त्यात आम्ही राहतो नाशिकला, गंगापूर रोडवर. आनंदवल्ली आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. दर संकष्टीला नवशा गणपतीला जाताना मी त्याच वाटेने जाते, आणि जिचे शेवटचे दिवस इथे गेले त्या बाईबद्दल मला तिचं ते हसू सोडून काहीही माहीत नाही.

कोणाला खात्रीचं माहीत असेल तर सांगा. तो कागद कुठे आहे का? कोणी पाहिलाय का? पुढच्या शुक्रवारी रंगीत तालीम आहे, त्याआधी मला बाईंशी बोलायचंय.

जुनी मोडी

ताई, तुमच्या लेकीचा प्रश्न वाचून मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

मी पुण्यात पेशवे दफ्तरात मोडी वाचायचं काम बावीस वर्षं केलं. लोक वतनाचे, इनामाचे, वाटणीचे कागद शोधायला यायचे, त्यांना वाचून द्यायचे. रुमाल, म्हणजे कागदांचं कापडी बासन, सोडायचा, कागद उलगडायचा, लिप्यंतर करून द्यायचं, पुन्हा बांधून ठेवायचा. खाडाखोडीचे कागदही पाहिलेत. एकदा एका घराण्याच्या कागदात २ बिघ्यांचे १२ केलेले होते. मागे एक ‘१’ नव्याने बसवला होता. आधीचं काहीतरी खरवडताना कागदाची खळ निघाली होती, त्यामुळे तेवढ्या जागी शाई फुटून पसरली होती. कागद हातात असला की असं सगळं सांगता येतं. कोणत्या जागी खरवडलंय, लेखणी तीच आहे का, हात तोच आहे का.

आनंदीबाईंच्या बाबतीत हे काहीच सांगता येत नाही, कारण तो कागदच आजवर कोणाच्या हाती आलेला नाही. शाई नाही, अक्षर नाही, खोडल्याची खूण नाही. आहे ती गोष्ट.

आता गोष्ट कुठून आली ते बघा. खून झाला ३० ऑगस्ट १७७३ ला, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, म्हणजे अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी. ग्रँट डफने मराठ्यांचा इतिहास छापला १८२६ साली. मधे ५३ वर्षं गेली. तो साताऱ्याला कंपनीचा अधिकारी होता, कागद पाहणारा माणूस होता, त्याच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे. तो लिहितो की न्यायाधीश रामशास्त्र्यांच्या चौकशीत ‘धरावे’चं ‘मारावे’ केलेला कागद सापडला. पण तो बदल आनंदीबाईंनी केला हे सांगताना त्याचा आधार काय, तर सगळे असंच मानतात, एवढाच. त्याच दमात तो तिच्या नावाला बदनामीचं विशेषणही जोडतो. सगळे मानतात हा पुरावा आमच्या दफ्तरात दोन बिघ्यांनाही चालला नसता.

आणि १८२६ साली सगळे म्हणजे कोण, हेही लक्षात घ्या. पेशवाई बुडून आठ वर्षं झाली होती. ज्याच्या हातून ती बुडाली तो दुसरा बाजीराव ब्रह्मावर्तला कंपनीचं पेन्शन खात बसला होता, आणि तो आनंदीबाईंचा मुलगा. त्या काळात पुण्यात त्या आईबद्दल चांगलं बोलणारं कोण उरलं असेल?

आता त्या दिवसाचं. सकाळी नारायणराव पर्वतीला गेले होते. काहीतरी शिजतंय अशी कुणकुण त्यांना लागली होती. परतल्यावर त्यांनी सरदार हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगितलं. हरिपंत ‘करतो’ म्हणाले आणि एका स्नेह्याकडे जेवायला गेले. दुपारी गारदी, म्हणजे वाड्यावरचे भाडोत्री शिपाई, थकलेल्या पगाराचं निमित्त काढून वाड्यात घुसले. सुमेरसिंग, खरकसिंग, महंमद इसफ हे पुढे. अठरा वर्षांचा मुलगा धावत काकाच्या दालनात गेला, काकाला मिठी मारली, आणि तिथेच कापला गेला. त्याला ओढून काढण्यात राघोबांचा खास नोकर तुळाजी पवार होता.

मला सांगा, हरिपंतांच्या त्या जेवणावरून मराठीत एखादी म्हण आली का? तुळाजी पवाराच्या नावाने आली? त्याचे हात प्रत्यक्ष त्या पोराच्या अंगाला लागले होते. वाक्प्रचार झाला तो दृश्यात कुठेही नसलेल्या बाईवरून.

रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली. पुढे राघोबांनी प्रायश्चित्त विचारलं, तेव्हा त्यांनी देहान्त सांगितला. कोणाला? राघोबांना. त्यांच्या तोंडावर. आणि मग नोकरी सोडून वाईकडे निघून गेले. नवऱ्याच्या आड बायकोला उभं करायची शास्त्रीबुवांना गरज वाटली नाही. ती नंतरच्यांना वाटली.

लेकीला सांगा, खोलीत कोणी पाहिलं नव्हतं. तिचा प्रश्न बरोबर आहे.

सदाशिव पेठ

वरचा प्रतिसाद आवडला, पण मला पटला नाही. आग असल्याशिवाय धूर निघत नाही. आनंदीबाई काही भोळीभाबडी गृहिणी नव्हती. लिहिता-वाचता येत होतं, कारभारातलं कळत होतं, नवरा पेशवा व्हावा ही इच्छा असणारच. खुनानंतर फायदा कोणाचा झाला? राघोबांचा, म्हणजे तिचाही. माझे आजोबा शनिवारवाड्याच्या दिंडीपासून शंभर पावलांवर वाढले. त्यांच्या आजोबांनी त्यांना हीच गोष्ट सांगितली होती. पिढ्यान् पिढ्या एका गावाने लक्षात ठेवलेली गोष्ट कागद नाही म्हणून टाकून द्यायची का? आजकाल जो तो इतिहासातल्या खलनायिकांना धुऊन काढतोय, त्यातलाच हा प्रकार वाटतो.

जुनी मोडी

सदाशिव पेठ, तुमच्या आजोबांच्या आठवणीला मी खोटं म्हणत नाही. गावाने खून लक्षात ठेवला, ते खरंच होतं. वाड्याच्या ज्या दरवाजातून ते कापलेलं शरीर बाहेर नेलं त्याला आजही नारायण दरवाजा म्हणतात. त्या दरवाजाशी मी उभी राहिले की माझ्या पोटात अजूनही कालवतं. पण गावाने काय झालं ते लक्षात ठेवणं वेगळं, आणि बंद दाराआड कोणी कोणतं अक्षर गिरवलं ते लक्षात ठेवणं वेगळं. दुसरी गोष्ट गावाला दिसूच शकत नव्हती.

आनंदीबाई निर्दोष होत्या असं मी कुठेही लिहिलेलं नाही, पुन्हा वाचा. त्यांना कट माहीत असेल. कदाचित मनातून हवाही असेल. संशय घ्यायला माझी हरकत नाही. मी संशय आणि शाबिती वेगळ्या ठेवा एवढंच म्हणते आहे. आपण मराठीत त्यांच्यावर गुन्हा शाबित करून टाकलाय, आणि शिक्षाही अशी की अडीचशे वर्षं रोज कोणीतरी ती वाचून दाखवतं.

फायदा कोणाचा, हे तुम्ही बरोबर विचारलंत. मग राघोबांचा मागचा हिशोब मांडू. १७६२ साली आळेगावला ते पुतण्यावर, म्हणजे थोरल्या माधवरावांवर, फौज घेऊन चालून गेले. आनंदीबाईंशी त्यांचं लग्न १७५५ चं. त्या काळच्या रीतीने लहान वयात झालेलं. आळेगावच्या वेळी त्यांचं वय काय असेल तुम्हीच काढा. पुढे १७६८ साली धोडपला पुन्हा तेच. हरले, आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत आले. नारायणरावांच्या वेळीही ते त्याच वाड्यात अडकलेले होते. ज्या माणसाने पेशवाईसाठी दोनदा तलवार काढली, त्याला तिसऱ्या वेळी बायकोने फसवून खुनी केलं असं म्हणायचं? ऑक्टोबरात त्यांनी पेशवाईची वस्त्रं घेतली. मारेकऱ्यांना शिक्षा केली नाही. ज्याच्या ‘धरावे’चं कोणी ‘मारावे’ केलं आणि पोरगं हकनाक मेलं, तो माणूस दुसऱ्या दिवशी त्या गारद्यांच्या गर्दनी उडवील. राघोबांनी त्यांना जवळ ठेवलं.

आणखी एक, दफ्तरात बसणाऱ्या माणसाला खटकणारं. त्या काळी कागदाशी छेडछाड होते हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तर सरकारी पत्राच्या शेवटी ‘लेखनसीमा’ची मुद्रा उठवायचे, म्हणजे त्याखाली कोणी ओळ वाढवू नये. लांब कागदाचे बंद चिकटवले की सांध्यावर शिक्का मारायचे. असला कट कोणी शिक्क्याच्या कागदावर मांडणार नाही, हे मान्य. पण मग उलटं बघा. कैदेतला माणूस पेशव्याला पकडायचा हुकूम लेखी का देईल? आणि पहाऱ्यावरच्या शिपायांना एका अक्षरावरून मारायचं की धरायचं हे ठरवायला लावील? तुळाजी पवार होता की निरोप्या. माझं मत विचाराल तर या कामात कागदाला फारसं काम नव्हतंच. पण तोंडी निरोपाची गोष्ट रंगत नाही. अक्षराची रंगते, कारण लिहिणाऱ्या बाईची भीती आपल्याकडे जुनी आहे. तुम्हीच पहा, ‘लिहिता-वाचता येत होतं’ हे तुम्ही तिच्याविरुद्धच्या यादीत पहिलं लिहिलंत.

माझ्या आजीला मोडी यायची. सासऱ्यांची पत्रं ती वाचून दाखवायची. घरात काही बिनसलं की आजोबा म्हणायचे, “आमच्याकडे एक आनंदीबाई आहे.” आजीने मोडी लिहिणं सोडलं. माझ्या आईला तिने शिकवली नाही. मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी वर्गात बसून पैसे भरून शिकावी लागली. म्हणून हा विषय निघाला की माझा आवाज चढतो. माफ करा.

असगोलीकर

मी गुहागरकडचा. आनंदीबाई आमच्याकडच्या, ओकांची लेक. आमच्या आळीत म्हाताऱ्या बायका कधी त्यांचं नाव काढायच्या नाहीत, काढलंच तर “ती ओकांची” म्हणायच्या आणि विषय बदलायच्या. मला लहानपणी वाटायचं कोणीतरी जिवंत नातेवाईक असेल, भांडण झालं असेल.

जुनी मोडी यांच्या लिहिण्यात एक भर. राघोबादादा म्हटलं की मराठी माणसाला काय आठवतं? अटकेपार झेंडे. १७५८ ची ती पंजाबची स्वारी. नवऱ्याच्या नावावर भाषेने अटकेपार झेंडे लावले आणि बायकोच्या नावावर ‘ध’चा ‘मा’. असा मोठा वीर पुतण्याचा खुनी कसा म्हणायचा, हा पेच सोडवायला ती सापडली असं मला वाटतं.

गोदाकाठ, तुम्ही आनंदवल्लीपाशी राहता तर एक विचारतो. खुनानंतर त्यांचं पुढे काय झालं ते कोणी सविस्तर सांगेल का? आम्हाला कागदानंतरचं काहीच माहीत नाही.

जुनी मोडी

सांगते. मला वाटतं खरी बाई तिथेच दिसते.

खुनाच्या वेळी नारायणरावांची बायको गंगाबाई गरोदर होती. बारभाईंनी, म्हणजे राघोबांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, तिला पुरंदरावर नेऊन ठेवलं, आणि १८ एप्रिल १७७४ ला सवाई माधवराव जन्मले. राघोबांची पेशवाई तिथेच संपली. ते फौज घेऊन वणवण फिरायला लागले. त्या वणवणीत आनंदीबाईही गरोदर. त्यांना धारच्या किल्ल्यात ठेवून नवरा गुजरातेत इंग्रजांकडे गेला. १० जानेवारी १७७५ ला धारला बाजीराव जन्मला, आणि मार्चमध्ये राघोबांनी सुरतेचा तह केला. इंग्रजांना घरात आणण्याचा जो कागद खरोखर अस्तित्वात आहे, तो हा. त्यावरून वाक्प्रचार नाही.

१७८२ ला मराठे आणि इंग्रजांत सालबाईचा तह झाला, राघोबा कोपरगावला येऊन राहिले, आणि १७८३ च्या डिसेंबरात गेले. तेव्हा आनंदीबाई पुन्हा गरोदर होत्या. चिमाजी नवऱ्याच्या मृत्यूनंतर जन्मला. दहा वर्षांपूर्वी गंगाबाई ज्या अवस्थेत होती, नेमक्या त्याच अवस्थेत. पुढची दहा-अकरा वर्षं पुणे दरबाराच्या नजरेखाली, मुलांना घेऊन, आधी कोपरगाव आणि मग तुमचं आनंदवल्ली. १७९४ मध्ये तिथेच गेल्या. मुलगा पेशवा झाला १७९६ च्या अखेरीस. त्यांनी ते पाहिलं नाही.

आणि गोदाकाठ, तुम्ही त्या रस्त्याने जाता म्हणून सांगते. तोच रस्ता पुढे धरलात की गंगापूर गाव लागतं. तिथे गोपिकाबाई राहत होत्या, नारायणरावांची आई, आनंदीबाईंची मोठी जाऊ. कारभारात लक्ष घालते म्हणून तिच्या पोटच्या माधवरावांशीच तिचं पटेनासं झालं आणि ती इथे येऊन राहिली. नारायणराव पेशवे झाल्यावर आईला भेटायला इथे आले होते. त्यानंतर काही महिन्यांत ते गेले. मागे राहिलेल्या त्या म्हातारीने नातवाला, सवाई माधवरावाला, सकाळी उठण्यापासून कसं वागावं ते पत्रातून लिहून पाठवलं. ती १७८८ ला गेली. दोघी जावा गोदावरीच्या एकाच काठावर संपल्या, सहा वर्षांच्या अंतराने. दोघींना लिहिता येत होतं, दोघींना ‘कारभारात नाक खुपसणाऱ्या’ म्हटलं गेलं. एकीचा मुलगा मारला गेला आणि दुसरीवर त्याचा आळ आला. मला नाटक लिहिता येत असतं तर मी तिथून सुरू केलं असतं.

सदाशिव पेठ

शाबितीचा मुद्दा मान्य. हरिपंतांचं जेवण मला माहीत होतं, पण ते असं कधी शेजारी ठेवून पाहिलं नव्हतं. संशय मात्र माझा कायम आहे.

‘लिहिता-वाचता येत होतं’ हे मी का लिहिलं याचा दोन दिवस विचार करतोय. माझी आई शिक्षिका होती. तिला हे दाखवणार नाही.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितेय, कारण काल तालीम झाली.

बाईंना मी मोडीकाकूंचे प्रतिसाद छापून दिले होते. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी शांतपणे वाचलं आणि म्हणाल्या, आमच्याही पुस्तकात असंच होतं हो, आम्ही तसंच बसवत आलो. नाटुकलं दहा दिवसांवर, सगळं बदलता येणार नाही. पण ते हसणं काढलं. आता कागद राघोबादादा झालेला मुलगा स्वतःच लिहितो आणि तुळाजीच्या हातात देतो. हरिपंतांचं एक नवीन दृश्य घातलंय, पाटावर बसलेत आणि “एवढं जेवण झालं की निघतो” म्हणतात. ते काम मिळालेला मुलगा फार खूश आहे.

माझ्या मुलीचं काम त्यामुळे जवळजवळ संपलंच होतं. ती रडली. मग बाईंनी तिला शेवटी एक प्रवेश दिला. आनंदवल्लीला ती नदीकाठी बसून पत्र लिहिते आहे, मागून निवेदक १७८३ नंतरचं सांगतो. पत्र कोणाला ते सांगायचं नाही असं ठरलंय. काल संध्याकाळी मी तिला घेऊन घाटावर गेले. तिला पायरीवर बसायला कसं वाटतं ते बघायचं होतं. बराच वेळ बसली. येताना म्हणाली, इथून गंगापूर दिसत नाही.

काकू, एक अडचण आहे. तिला बॉलपेनने लिहायचं नाहीये, बोरूच हवा म्हणते. नाशिकच्या दुकानांत मिळाला नाही. आणि मोडीत दोन-तीन ओळी खऱ्याखुऱ्या लिहायच्यात तिला, नुसता हात हलवायचा नाही.

जुनी मोडी

पत्ता निरोपातून कळवा, उद्याच पाठवते. तीन बोरू तासून ठेवलेत. टोक तिरपं कापलंय, डावखुरी असेल तर लगेच सांगा, कट उलटा लागतो. सोबत मुळाक्षरांचा तक्ता आणि चार कोरे कागद. आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची, मग तिला अक्षरं लटकवत जायचं, हात उचलायचा नाही. तिला म्हणावं, पहिल्या दिवशी फक्त स्वतःचं नाव.